लायब्ररी आहे, पण लोड होत नाही : आर आणि पायथन एकत्र चालवताना

साहित्याच्या विद्यार्थ्याला कॉम्प्युटर फक्त टायपिंगपुरता लागतो, हे आता राहिलेलं नाही. एखाद्या कादंबरीत कोणते शब्द पुन्हा पुन्हा येतात, एकाच लेखकाच्या सुरुवातीच्या आणि नंतरच्या पुस्तकांत वाक्यांची लांबी बदलते का, एकाच ग्रंथाच्या दोन आवृत्त्यांत नेमका कुठे फरक आहे, असे प्रश्न घेऊन आपल्यातले बरेच जण प्रोजेक्ट करतात. काम सुरू होतं आणि दोन-तीन दिवसांत स्क्रीनवर लाल अक्षरं येतात: अमुक लायब्ररी लोड होऊ शकली नाही.

इथे बरेच जण थांबतात. विषय मराठीचा ठरलेला असतो, पण शेवटी इंग्रजी कादंबरी घेतली जाते, असं मी एकदा नाही, अनेकदा पाहिलंय. इंग्रजीसाठी बहुतेक सगळं एकाच प्रोग्रामात मिळतं. मराठीसाठी मात्र दोन प्रोग्राम जोडावे लागतात, आणि जोडताना हा मेसेज येतो. म्हणजे एका तांत्रिक ओळीमुळे एक मराठी पुस्तक अभ्यासायचं राहून जातं. ही ओळ वाचायची कशी आणि तिच्यावर उपाय काय, एवढंच या लेखात सांगायचं आहे. ती वाचायला इंजिनिअर असावं लागत नाही. मजकूर नीट वाचायची सवय आपल्याला असतेच. इथे तीच कामी येते.

(आदेशांची आणि फाइलींची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती अर्थातच रोमनमध्ये करायची.)

दोन भाषा कशासाठी?

आर ही भाषा न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी संख्याशास्त्रासाठी तयार केली. मोजणी, तक्ते, आलेख यांत ती पक्की आहे. लेखनशैलीच्या अभ्यासासाठी तिच्यात 'स्टायलो' नावाचं तयार पॅकेज आहे. शब्दांच्या वारंवारितेवरून कोणता मजकूर कोणाच्या जवळचा आहे हे ते मोजून देतं.

पायथन ही सर्वसाधारण कामांची भाषा. गुइडो व्हान रोसम यांनी ती १९९१ मध्ये प्रसिद्ध केली. भारतीय भाषांची बरीच साधनं पायथनमध्येच आहेत: अनुप कुंचुकुट्टन यांची 'इंडिक एनएलपी लायब्ररी', स्टॅनफर्डचं 'स्टॅन्झा' (त्यात मराठीसाठी मॉडेल आहे), आणि पुण्याच्या 'एलथ्री क्यूब' गटाचं 'महाबर्ट'. वाक्य तोडणं, शब्द वेगळे करणं, लिपी बदलणं ही कामं इथे होतात.

एक उदाहरण घेऊ. फादर थॉमस स्टीफन्स यांचं 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये प्रथम छापलं गेलं. जोसेफ साल्ढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळूरहून काढलेली त्याची आवृत्ती रोमन लिपीत आहे. या ग्रंथातले शब्द मोजायचे तर आधी पोर्तुगीज वळणाची ती रोमन अक्षरं देवनागरीत आणावी लागतील. ते नियम पायथनमध्ये लिहिणं सोयीचं. पुढची मोजणी आणि आलेख आरमध्ये सोपे. म्हणून दोन्ही भाषा हव्यात, आणि मध्ये पूल हवा.

तो पूल म्हणजे 'रेटिक्युलेट' नावाचं आरचं पॅकेज. 'रेटिक्युलेटेड पायथन' हा जाळीदार नक्षीचा अजगर, त्यावरून हे नाव आलं. रेटिक्युलेटमुळे आरमध्ये बसूनच पायथनची साधनं वापरता येतात. आपल्याला दिसणाऱ्या बहुतेक एरर या पुलावर होतात.

लायब्ररी म्हणजे नक्की काय?

लायब्ररी हा शब्द बडोद्याच्या माणसाला नवा नाही. अमेरिकेतली सार्वजनिक ग्रंथालयं पाहिल्यावर सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये तिथले ग्रंथपाल विल्यम ॲलन्सन बोर्डन यांना बोलावून घेतलं आणि संस्थानभर ग्रंथालयांचं जाळं उभं केलं. बोर्डन यांनी बडोद्यासाठी पुस्तकांच्या वर्गीकरणाची जी पद्धत बसवली, तिच्यात ड्युई आणि कटर या दोन अमेरिकन पद्धतींचा मेळ होता.

मोठ्या ग्रंथालयात पुस्तक मिळायला तीन गोष्टी जुळाव्या लागतात. नाव बरोबर हवं, ज्या कपाटात शोधतो ते कपाट बरोबर हवं, आणि हवी ती आवृत्ती हवी. यातली एक जरी चुकली तरी पुस्तक इमारतीत असूनही हातात येत नाही. कॉम्प्युटरमध्येही हेच घडतं. प्रोग्राम सगळं काम स्वतः करत नाही. गणितं, अक्षरं, फाइली अशी नेहमीची कामं वेगळ्या फाइलींत तयार ठेवलेली असतात आणि गरज पडली की त्या मागवल्या जातात. विंडोजवर या फाइलींना डीएलएल म्हणतात, लिनक्सवर त्यांच्या नावापुढे एसओ असतं आणि मॅकवर डायलिब. मागवणारा कर्मचारी म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा लोडर. त्याच्याकडे शोधायच्या फोल्डरांची ठरलेली यादी असते. यादीबाहेर तो जात नाही.

आता एक फरक लक्षात ठेवायचा. पॅकेज वेगळं आणि ही आतली लायब्ररी वेगळी. आर म्हणालं की 'या नावाचं पॅकेज नाही', किंवा पायथन म्हणालं 'मॉड्यूल नॉट फाउंड', तर पॅकेजच त्या जागी नाहीये. ते इन्स्टॉल केलं की काम होतं, फक्त ज्या पायथनमध्ये हवं त्यातच इन्स्टॉल व्हायला हवं. पण मेसेजमध्ये 'डीएलएल लोड फेल्ड' किंवा 'कॅनॉट ओपन शेअर्ड ऑब्जेक्ट फाइल' असं असेल, तर पॅकेज सापडलेलं आहे, त्याच्या आत लागणारी लायब्ररी मिळालेली नाही. अशा वेळी तेच पॅकेज चार वेळा इन्स्टॉल करून फार काही होत नाही.

दोघं एका घरात

रेटिक्युलेट आणि पायथन हे शेजारी राहून एकमेकांना निरोप पाठवत असतील, असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. रेटिक्युलेट पायथनची मुख्य लायब्ररी उचलून आरच्याच चालू प्रोसेसमध्ये आणून बसवतं. दोन्ही बिऱ्हाडं एकाच घरात, स्वयंपाकघरही एकच. यातून तीन नियम निघतात, आणि जवळपास सगळ्या एररचं मूळ या तिन्हींत असतं.

पहिला नियम: दोघांची घडण सारखी हवी. आर ६४ बिटचं असेल तर पायथनही ६४ बिटचंच लागतं.

दुसरा नियम: एका सत्रात एकच पायथन. तुमच्या लॅपटॉपवर तीन पायथन असू शकतात. आरने त्यातलं एक आत घेतलं की सत्र संपेपर्यंत ते बदलता येत नाही.

तिसरा नियम: एका नावाची लायब्ररी बहुधा एकदाच आत येते. आरने आधी जी प्रत आणली, तीच पायथनलाही वापरावी लागते, मग ती जुनी का असेना.

मेसेज वाचताना

मेसेज लांबलचक असतो. पायथनचा असेल तर शेवटची ओळ आधी वाचायची. वरच्या ओळी म्हणजे तिथपर्यंत पोचायचा रस्ता. मग कागदावर चार प्रश्नांची उत्तरं लिहायची: कोणी मागितलं? काय मागितलं? कोणत्या फोल्डरमधून मागितलं? का मिळालं नाही? चौथं उत्तर कधी कधी मेसेजमध्ये नसतं, पण पहिली तीन बहुधा असतात. तिसऱ्या उत्तरात फोल्डरचा जो पूर्ण पत्ता दिसतो, तो सगळ्यात कामाचा. आपण ज्या पायथनबद्दल विचार करतोय तेच हे आहे का, हे त्यावरूनच कळतं.

नेहमी भेटणाऱ्या सहा अडचणी

१. भलतंच पायथन. तुम्ही एका पायथनमध्ये स्टॅन्झा इन्स्टॉल केलं आणि आरने दुसरंच उचललं. तपासायला रेटिक्युलेटचा 'पाय-कॉन्फिग' हा आदेश द्या. कोणतं पायथन घेतलं, त्याची आवृत्ती काय, नमपाय कुठे सापडलं, हे सगळं तो छापतो. चुकीचं असेल तर आरचं सत्र रीस्टार्ट करा आणि इतर काही करण्याआधी, अगदी पहिल्या ओळीत, 'यूज-पायथन' किंवा 'यूज-व्हर्च्युअलएन्व्ह' देऊन हवं ते नेमा. तरीही बदल होत नसेल तर 'आरएन्व्हायरन' किंवा 'आरप्रोफाइल' या लपलेल्या फाइली उघडून पाहा. कोणीतरी पूर्वी लिहून ठेवलेला 'रेटिक्युलेट-पायथन' हा पत्ता तिथे बसलेला असतो आणि तो आधी मानला जातो. रेटिक्युलेटच्या नव्या आवृत्त्यांत 'पाय-रिक्वायर' हा आदेश आहे. कोणती पॅकेजेस लागतील ते त्यात सांगितलं की रेटिक्युलेट स्वतःच वेगळी जागा करून ती तिथे आणतं. नवीन प्रोजेक्ट सुरू करणाऱ्याने हाच रस्ता धरावा.

२. पायथन आहे, पण त्याची लायब्ररी नाही. लिनक्सवर 'पायथन शेअर्ड लायब्ररी नॉट फाउंड' असं येतं. पायथन दोन प्रकारे बांधता येतं: सगळं एकाच फाइलीत कोंबून, किंवा मुख्य भाग वेगळ्या शेअर्ड लायब्ररीत ठेवून. रेटिक्युलेटला दुसरा प्रकार लागतो. 'पायएन्व्ह' वापरून स्वतः बांधलेलं पायथन बऱ्याचदा पहिल्या प्रकारचं असतं. ते पुन्हा बांधताना 'एनेबल-शेअर्ड' हा पर्याय द्यायचा, किंवा रेटिक्युलेटच्याच 'इन्स्टॉल-पायथन' आदेशाने पायथन आणायचं.

३. बिट आणि चिप. विंडोजवर 'वैध विन-३२ ॲप्लिकेशन नाही' अशा अर्थाचा मेसेज आला की ३२ आणि ६४ बिटची गल्लत समजायची. विंडोजसाठी आरने ३२ बिटची साथ ४.२.० या आवृत्तीपासून, म्हणजे २०२२ मध्ये सोडली. त्यामुळे जुनं ३२ बिटचं पायथन नव्या आरसोबत चालणारच नाही. मॅकवर हाच घोटाळा चिपचा असतो. ॲपलच्या नव्या चिपसाठी 'एआरएम-६४' आणि जुन्या इंटेलसाठी 'एक्स-८६-६४'. मॅकचा मेसेज प्रामाणिक असतो; काय आहे आणि काय हवं होतं, दोन्ही सांगतो. उपाय एकच: दोघांपैकी एक काढून दुसऱ्याच्या घडणीचं आणा.

४. जे मागितलं ते आहे, पण त्याला लागणारं नाही. विंडोजवरचा 'डीएलएल लोड फेल्ड, द स्पेसिफाइड मॉड्यूल कुड नॉट बी फाउंड' हा मेसेज सगळ्यात फसवा. ज्या फाइलीचं नाव छापलंय ती फोल्डरमध्ये समोर दिसत असते. हरवलेली असते ती तिला लागणारी दुसरी फाइल, आणि तिचं नाव विंडोज सांगत नाही. इथे दोन गोष्टी आधी पाहायच्या. एक, मायक्रोसॉफ्टचं 'व्हिज्युअल सी++ रीडिस्ट्रिब्युटेबल' बसवलंय का? पायटॉर्चसारखी पॅकेजेस त्याच्यावाचून चालत नाहीत. दोन, पायथन ॲनाकोंडाचं असेल तर त्याचं एन्व्हायर्नमेंट सुरू झालेलं आहे का? आरस्टुडिओ स्टार्ट मेनूतून उघडलं की ते सुरू झालेलंच असेल याची खात्री नसते, आणि मग लायब्ररींचं फोल्डर शोधयादीत येत नाही. शिवाय पायथन ३.८ पासून विंडोजवर अशा फाइली शोधताना नेहमीचा 'पाथ' पाहिला जात नाही. त्यामुळे जुन्या लेखांतला 'पाथमध्ये फोल्डर टाका' हा सल्ला आता बऱ्याचदा लागू पडत नाही. कोणाला काय लागतं याची यादी पाहायला लिनक्सवर 'एलडीडी', मॅकवर 'ओटूल' आणि विंडोजवर 'डिपेंडन्सीज' नावाचा छोटा मोफत प्रोग्राम आहे.

५. आवृत्ती जुनी. लिनक्सवर 'जीएलआयबीसीएक्सएक्स ३.४.२९ नॉट फाउंड' असा मेसेज येतो. लोक या नावाची फाइल शोधत बसतात, पण ती वेगळी फाइल नाहीच. सी++ च्या मूलभूत लायब्ररीच्या आतली ती आवृत्तीची खूण आहे. उबुंटू २०.०४ मध्ये या लायब्ररीत ३.४.२८ पर्यंतच्याच खुणा आहेत. ॲनाकोंडा आपली नवी प्रत सोबत आणतं, पण आरने सिस्टिममधली जुनी प्रत आधीच आत घेतलेली असते. तिसरा नियम आठवा: त्याच नावाची दुसरी प्रत येत नाही. पायथन एकटं चालवलं तर सगळं ठीक आणि आरमधून चालवलं की एरर, असं दिसलं तर संशय इथेच घ्यायचा. टिकाऊ उपाय म्हणजे दोघांना एकाच ठिकाणाहून आणणं: आरही ॲनाकोंडाचं आणि पायथनही, किंवा दोन्ही सिस्टिमचे. एक इथलं, एक तिथलं, असं शक्यतो नको.

६. एकच लायब्ररी दोनदा. 'ओएमपी एरर १५' हा मेसेज पाचव्या अडचणीच्या उलट. एकाच वेळी अनेक कोअरवर गणितं करायची लायब्ररी दोन पॅकेजेसनी आपापली आणली आणि दोन्ही प्रती आत आल्या. यावर सगळीकडे फिरणारा उपाय म्हणजे 'केएमपी-डुप्लिकेट-लिब-ओके' ला 'ट्रू' करून टाकणं. एरर जातेही. पण तोच मेसेज पुढे बजावतो की हे सुरक्षित नाही, यामुळे प्रोग्राम बंद पडू शकतो किंवा गुपचूप चुकीची उत्तरं देऊ शकतो. ही दुसरी शक्यता आपल्यासाठी जास्त वाईट. बंद पडलेला प्रोग्राम निदान दिसतो. चुकीचा आकडा प्रबंधात छापला जातो आणि त्यावर आपण एखाद्या लेखकाच्या शैलीबद्दल विधान करून मोकळे होतो. त्यापेक्षा नवं, रिकामं एन्व्हायर्नमेंट करा आणि नमपाय, पायटॉर्च वगैरे सगळी पॅकेजेस एकाच मार्गाने, एकतर सगळी पिपने नाहीतर सगळी कोंडाने आणा.

कामाचा क्रम

अडचण कोणतीही असो, मी हा क्रम सुचवेन.

आधी आरचं सत्र रीस्टार्ट करा. अर्ध्या चाललेल्या सत्रात केलेली कुठलीही तपासणी भरवशाची नसते.

मग फक्त रेटिक्युलेट उघडा आणि पाय-कॉन्फिग पाहा. तिथे छापलेला पायथनचा पूर्ण पत्ता कॉपी करा.

आर बंद करा. टर्मिनलमध्ये नेमक्या त्याच पत्त्याचं पायथन चालवून अडलेलं पॅकेज इम्पोर्ट करून पाहा. नुसतं 'पायथन' असं टाइप करू नका, कारण त्याने दुसरंच उघडू शकतं.

ही पायरी निर्णायक आहे. एकट्या पायथनमध्येही तीच एरर आली, तर आरचा काही संबंध नाही. पायथनची बाजू दुरुस्त करा. एकटं चाललं आणि आरमधून अडलं, तर भांडण दोघांच्या सामायिक स्वयंपाकघरातलं आहे. या एका चाचणीने निम्म्या शंका निकालात निघतात.

भांडण असेल तर आरच्या नव्या सत्रात आधी पायथनचं पॅकेज आणा, नंतर आरची बाकीची पॅकेजेस एकेक करून. ज्या पॅकेजनंतर क्रम बदलल्याने फरक पडतो, ते दोषी किंवा दोषीचं शेजारी.

एका वेळी एकच बदल करा आणि तो लिहून ठेवा. तीन बदल एकदम केले आणि चाललं, तर कशाने चाललं ते पुढच्या वेळी आठवणार नाही.

मराठीत काम करणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. प्रोजेक्टचं फोल्डर छोट्या रोमन नावाचं, मध्ये स्पेस नसलेलं ठेवा. मजकूर देवनागरीत असायला काहीच हरकत नाही, पण फोल्डरच्या नावात देवनागरी किंवा स्पेस असली की काही साधनं अजूनही अडखळतात.

वेगळं बिऱ्हाड

एवढं करूनही जमत नसेल तर दोघांना एका घरात ठेवायचा हट्ट सोडायचा. आपल्या बहुतेक कामांना पूल लागतच नाही. पायथनचा प्रोग्राम स्वतंत्र चालवा, शब्द तोडून झाले की निकाल यूटीएफ-८ मधल्या सीएसव्ही फाइलीत लिहा, मग आर उघडून ती फाइल वाचा. दोन वेगळ्या प्रोसेस, दोन वेगळी स्वयंपाकघरं. एकमेकांच्या लायब्ररींशी संबंधच उरत नाही. एकदाच करायच्या कामासाठी हा मार्ग मला पुलापेक्षा बरा वाटतो. मधली फाइल डोळ्यांनी तपासताही येते, हा वरचा फायदा.

फाइल लिहिताना एक काळजी घ्यायची. 'ऱ' हे अक्षर युनिकोडमध्ये दोन प्रकारे साठवता येतं: एक स्वतंत्र चिन्ह म्हणून, किंवा 'र' आणि खालचा नुक्ता असं जोडून. डोळ्यांना दोन्ही सारखंच दिसतं, पण मोजणाऱ्या प्रोग्रामला 'दुसऱ्या' हे दोन वेगळे शब्द वाटतात. म्हणून लिहिण्याआधी सगळा मजकूर 'एनएफसी' या एकाच रूपात आणून घ्या. यात एरर येत नाही, फक्त आकडे चुकतात, म्हणून मुद्दाम सांगितलं.

काय करू नये

हरवलेली डीएलएल कुठल्यातरी साइटवरून उतरवून विंडोजच्या सिस्टिम फोल्डरमध्ये टाकू नये. ती कुठली, कोणत्या आवृत्तीची, आत आणखी काय आहे, काही माहीत नसतं. लिनक्सवर 'एलडी-लायब्ररी-पाथ' कायमचा बदलून ठेवू नये. आज आर चालेल, उद्या दुसरंच काहीतरी बंद पडेल आणि कारण आठवणार नाही. आणि पहिल्याच एररला सगळं काढून पुन्हा बसवू नये. त्याने कधी कधी चालतं, पण पुरावा पुसला जातो आणि तीच अडचण पुढच्या महिन्यात परत येते.

नोंद ठेवा

बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने वाल्मीकी रामायणाची चिकित्सक आवृत्ती १९६० ते १९७५ या काळात सात खंडांत प्रसिद्ध केली. अशा आवृत्तीत कोणती हस्तलिखितं वापरली आणि कुठे कोणता पाठ आहे हे नोंदलेलं असतं, म्हणूनच संपादकांचा निर्णय दुसऱ्याला तपासून पाहता येतो. आपल्या छोट्या प्रोजेक्टलाही तोच न्याय लावावा. आरमधला 'सेशन-इन्फो' चा निकाल, पाय-कॉन्फिगचा निकाल आणि 'पिप फ्रीझ' ने मिळणारी पायथन पॅकेजेसची यादी एका फाइलीत साठवून प्रोजेक्टसोबत द्या. आरसाठी 'आरएन्व्ह' वापरलं तर आवृत्त्यांची कुलूपबंद यादी आपोआप तयार होते.

मदत मागतानाही हेच कागद लागतात. 'लायब्ररी लोड होत नाहीये, काय करू?' एवढ्यावर कोणी काही सांगू शकत नाही. ऑपरेटिंग सिस्टिम, पाय-कॉन्फिगचा निकाल, संपूर्ण मेसेज (फोटो नको, कॉपी केलेला मजकूर), एकट्या पायथनमध्ये काय झालं, आणि शेवटचा बदल कोणता केला, या पाच गोष्टी पाठवल्या तर समोरच्याला निदान कुठून सुरुवात करायची ते कळतं. आपल्या मंडळातही कोणाचं काम असं अडलं असेल तर विषय बदलण्याआधी या पाच गोष्टी लिहून काढा. लिहिता लिहिताच कारण सापडलं, असं बऱ्याचदा होतं. नाही सापडलं तर घेऊन या, एकत्र बसून पाहू.